धाकट्या राजपुत्राची आई

कवळ्या करणाऱ्याला लोक कवळीवाला म्हणणार, दुसरं काय म्हणणार? दवाखान्याच्या मागच्या खोलीत, जिथे खिडकीच्या गजांवरसुद्धा प्लास्टरची पांढरी भुकटी बसलेली असायची, तिथे हा माणूस सव्वीस वर्षं लोकांचे दात घडवत बसला होता. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचं माप घेत, ते मागे येई, त्यात प्लास्टर ओतलं की अख्खा जबडा हातात. मग त्यावर मेणात दात बसवायचे, घासायचे, पुन्हा घासायचे. बोलायला माणूस नाही. आणि हे काम नेमकं कसं करता हो, असं सव्वीस वर्षांत एकानेही विचारलेलं नाही. कवळी नीट बसली की लोक डॉक्टरीणबाईंचे आभार मानून मोकळे.

पण त्याचा खरा मान दुसरीकडे होता. एका कादंबरीमालेचं त्याला भयंकर वेड. राजे, ड्रॅगन, जादूगार, शापित तलवारी, पाच जाडजूड खंड झालेले आणि सहावा येणार येणार म्हणून लेखिकेने वाचकांना चार वर्षं टांगून ठेवलेलं. या वाचकांचा फोनवर एक गट होता. तिथे रात्रंदिवस एकच भांडण चाले: धाकटा राजपुत्र खरा कुणाचा? राणीचा, की राणीच्या वेड्या ठरवलेल्या बहिणीचा? बहुतेकांचं मत बहिणीच्या बाजूने. पण गटात ज्याला सगळे गुरुजी म्हणत, तो कवळीवाला, ठाम उलट बाजूला. पान नंबर देऊन देऊन तो एकेकाला आडवा करी. “राजपुत्र राणीचाच. ज्याला पटत नसेल त्याने पहिला खंड पुन्हा वाचावा आणि मग तोंड उघडावं.”

हे वेड त्याने मुलीलाही लावलं. नऊ वर्षांची असल्यापासून दोघं जेवताना वाद घालत आणि ताटातली भाजी गार होई. आता ती वीस वर्षांची, कॉलेजात. तिचं मत बहिणीच्या बाजूचं. “बाबा, सगळं जग एकीकडे आणि तू एकटाच अडून बसतोस. बाकी कुठलीही गोष्ट तू पुराव्याने मान्य करतोस, मग इथेच काय बिनसतं तुझं?”

“आई ती आई. उगाच फाटे फोडू नकोस,” असं म्हणून तो पाण्याचा तांब्या पुढे ओढी.

त्याचं काय बिनसत होतं ते सांगून टाकतो, लपवून कुणाचं भलं झालंय? मुलगी त्याच्या बायकोच्या पोटची नव्हती. मेहुणीची होती. लग्न झालेलं नव्हतं आणि पोर झालं. ज्याचं होतं त्याने पाठ फिरवली. इकडे कवळीवाल्याच्या बायकोला मूल नाही. मग घरातल्या घरात ठरलं आणि आठ दिवसांच्या पोरीची आई बदलली. अट एकच, पोरीला कधी कळता कामा नये. ही अट घातली कवळीवाल्याने, आणि बायकोने डोळे पुसत मान हलवली. मेहुणी मावशी झाली. महिन्यातून एकदा यायची, खुर्चीच्या टोकावर बसायची, काहीबाही खाऊ आणायची आणि पोरीकडे टक लावून बघायची. पोरगी वैतागायची. “मावशी काय बघत बसते गं आई? मला कसंतरीच होतं.” हे मावशीच्या कानावर जाईल एवढ्या मोठ्याने.

त्या मेहुणीला गेल्या हिवाळ्यात फुप्फुसाचा आजार झाला आणि ती तीन आठवड्यांत गेली. शेवटच्या आठवड्यात तिने कवळीवाल्याचा हात धरला. “भाऊजी, एकदा तिला आणा. मी काही बोलणार नाही. नुसती बघते.” बायको रडून म्हणाली, आता तरी सांगून टाकू या. हा ऐकेना. मरता मरता बाईच्या तोंडून शब्द निसटला तर? वीस वर्षांची लेक एका वाक्यात हातची जायची. म्हणून त्याने मुलीला सांगितलं की डॉक्टर कुणाला आत सोडत नाहीत. आणि मेहुणीला भलतंच काहीतरी सांगितलं. ते काय, हे त्याने बायकोलाही कळू दिलं नाही.

त्यानंतर तीन महिन्यांनी मुलीचा दात निखळला. तिला वरचा एक दात जन्मापासूनच नव्हता, पुढच्या मोठ्या दातांच्या शेजारचा, डावीकडचा. सतरा वर्षांची असताना बापानेच तिथे खोटा दात बसवून दिला होता. तोच निखळला म्हणून ती मागच्या खोलीत आली. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी याला पुढे बोलावलं. कवळीवाल्याची एक सवय होती. ज्याच्या तोंडाचं काम केलं त्याचा प्लास्टरचा जबडा तो फेकून देत नसे, माणूस मेलं तरी. खोक्यावर नाव आणि तारीख घालून फळीवर ठेवून द्यायचा. डॉक्टरीणबाई ओरडायच्या, पण ऐकतो कोण! मुलगी बसल्या बसल्या खोकी चाळत राहिली. तो परत आला तेव्हा ती खिडकीशी उभी होती. त्याने दात बसवला, ती निघून गेली. याला काही वेगळं वाटलं नाही.

दोन दिवसांनी दुपारी डबा खाताना त्याने गट उघडला. कुणा नव्या वाचकाने लिहिलं होतं. ‘गुरुजींना एक प्रश्न. राजपुत्राला वरचा डाव्या बाजूचा दात जन्मतः नाही. राणीचे दात पूर्ण आहेत. राणीच्या बहिणीचा नेमका तोच दात खोटा आहे. खंड दुसरा. तर आई कोण?’

आता हा माणूस पानन्‌पान पाठ असलेला. त्याला दुसऱ्या खंडात दात आठवेना. पण गुरुजींना आठवत नाही, हे चारचौघांत कबूल कसं करायचं? आणि खरं सांगायचं तर तो हुरळला होता. अहो, दाताबद्दल विचारलं होतं! सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या कामातलं विचारत होतं. हात न धुताच तो लिहायला बसला. ‘हो, तो उल्लेख मला आठवतो. असा दात नसणं बऱ्याचदा रक्तातून येतं. मी आजवर राजपुत्र राणीचाच म्हणत आलो, पण दात खोटं बोलत नाहीत. आई बहीणच. मी हरलो.’

गटात नुसता जल्लोष. गुरुजी हरले!

नव्या वाचकाने पुन्हा विचारलं, ‘मग राजाने एवढी वर्षं मुलाला का सांगितलं नसेल?’

‘भ्यायला असेल,’ याने लिहिलं. ‘पोर आपलं राहणार नाही म्हणून.’

त्याने डबा पुन्हा हातात घेतला. मग आलं, ‘बाबा, घरी ये.’

त्याच्या हातून डबा सुटला. भाजी, मेण, प्लास्टर सगळं एक झालं. मेहुणीच्या खोट्या दाताचं खोकंही फळीवरच होतं, त्यानेच नाव घालून ठेवलेलं. तसाच तो निघाला. वाटेत शंभर थापा मनात जुळवल्या आणि एकही पुरी झाली नाही.

घरी मुलगी जेवणाच्या टेबलाशी बसली होती. बायको ओट्याला टेकून उभी, तोंड सुजलेलं. तिने सगळं सांगून टाकलं होतं, हे न विचारताच कळत होतं.

“बस,” मुलगी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यानेच तो जास्त घाबरला.

“बाळ, आम्ही तुझ्या भल्यासाठी...”

“ते मला आईने सांगितलं. त्याचं मी नंतर बघेन. मला एकच सांग. डॉक्टर आत सोडत नव्हते?”

त्याने पाण्याचा तांब्या पुढे ओढला.

“आई तर रोज जात होती. मी किती मूर्ख, तेव्हा सुचलंच नाही.” तिने टेबलावरचे हात मांडीत घेतले. “मावशी मला बोलावत होती ना? मग तिला काय सांगितलंस तू? मी का येत नाही म्हणून?”

अजूनही खोटं बोलता आलं असतं. ज्या बाईला सांगितलं ती वर गेलेली, तिसरं कुणी तिथे नव्हतं. कवळीवाल्याने बायकोकडे पाहिलं. बायकोही त्याच्याकडेच बघत होती, उत्तराची वाट बघत.

“मी म्हटलं,” तो म्हणाला, “म्हटलं, मी विचारलं तिला. तिला यायचं नाहीये.”

बायकोच्या तोंडून एवढंच निघालं. “अहो!”

“ती काय म्हणाली?” मुलीने विचारलं.

“काही नाही. माझा हात सोडला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.”

 याला वाटलं, मुलगी आता शिव्या देईल, काहीतरी फेकून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“मला माहीत असतं तर मी धावत गेले असते,” ती म्हणाली. “नुसती आजारी मावशी म्हणूनही गेले असते. पण तिला वाटलं, मला ती नको होती. तसंच वाटून ती गेली, बाबा. आता तिला कोण सांगणार?”