तिसऱ्या बारमधलं उत्तर

लेक बिल्बाओला नोकरी करते, म्हणून स्पेनच्या उत्तरेचा तो बास्क मुलूख मला पाहायला मिळाला. तिथे संध्याकाळी मित्रमंडळी एकाच बारमध्ये बसून राहत नाहीत. उभ्याउभ्या पेलाभर वाइन आणि पावाच्या तुकड्यावर एखादा मासा, की निघाले पुढच्या बारकडे.

एका बारमध्ये चार म्हातारे मित्र भेटले. त्यांतल्या एकाने विचारलं, “तुम्ही कुठल्या?” लेकीने भाषांतर केलं.

“भारतातली. साताऱ्याची.” तो खूश झाला.

पुढच्या बारमध्ये तेच चौघे पुन्हा भेटले आणि त्याने पुन्हा तेच विचारलं. मी गोंधळले. त्याचा मित्र हळूच म्हणाला, “त्याच्या आता लक्षात राहत नाही. घरी घाबरतो. आमच्याबरोबर फिरला की बरा असतो.”

बाहेर पडताना एकाने सहज त्याचा दंड धरला. मैत्री आठवणींवर टिकते असं मी समजत होते. इथे त्याच्या वाटणीचंही बाकीचे तिघे आठवत होते.

तिसऱ्या बारमध्ये तो माझ्याकडे वळला. “तुम्ही कुठल्या?”

तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

“साताऱ्याची,” मी म्हटलं, आणि या वेळी त्याला कासच्या पठारावरच्या फुलांबद्दलही सांगितलं.