मयतीच्या दारी अडकलेलं बक्कल

माझ्या आत्याच्या मयतीला मी माझ्या सख्ख्या बापाला गाडीत बांधून ठेवलं होतं. बांधलं ते सुरक्षेसाठी. सोडता आलं नाही, हा पुढचा भाग!

भद्रावतीत माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. अर्ध्या गावाला क्लच मी शिकवला (उरलेल्या अर्ध्याला तो अजून यायचा आहे, हे बाजाराच्या दिवशी दिसतं). तर असा मी मास्तर माणूस मागच्या हिवाळ्यात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, पुन्हा विद्यार्थी झालो. नागपूरच्या एका संस्थेचा कोर्स होता. गाडीत लहान मुलांची सीट कशी बसवायची, पोराला तिच्यात कसं बांधायचं, आणि आईबापांना ते कसं शिकवायचं. आधी लेखी परीक्षा, मग प्रॅक्टिकल, मग सर्टिफिकेट. एक जाडजूड पुस्तक आलं आणि सरावासाठी एक सीट आली. बायको स्वयंपाक करता करता माझा अभ्यास घ्यायची.

"लहान लेकराचं तोंड कोनीकडे?"

"मागच्या काचेकडे."

"कधीवरी?"

"सीटमधे मावते तोवर."

"खांद्यावरचा पट्टा किती घट्ट?"

"चिमटीत धरता येऊ नये इतका."

"आन् वरनात हिंग किती?"

"चिमटीत... थांब, हे कोन्त्या धड्यात आहे?"

बाबा बाजेवरून हे सगळं ऐकायचे. उभा जन्म माजरीच्या कोळसा खाणीत गेलेला माणूस! म्हणायचे, "आमी पाच पोरं बैलबंडीत वाढवले. एकाले तरी बांधलं का बे?"

मी पुस्तकाचं पान उलटायचो. मग ते बाजेवर कूस वळायचे. कारण हा कोर्स मी काऊन करून राह्यलो, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

त्या हिवाळ्याच्या तीन वर्षं आधी सिंदेवाहीचं एक लग्न आटोपून आम्ही परत येत होतो. गाडी मी चालवत होतो. माझी धाकटी बहीण शीतल, तिच्या मांडीवर तिचा दीड वर्षाचा अंशू. ती मागे बसते म्हणाली होती. मीच म्हटलं, "बस ना समोर, पोराले जंगल दिसते. मी हाओ ना!" एका वळणावर रानडुक्कर आडवं आलं. मी ब्रेक मारला. फार जोरातही नाही. डुक्कर वाचलं. मला खरचटलंसुद्धा नाही. शीतलचा ओठ फुटला. अंशू गेला.

लोक म्हणाले, नशीब. शीतल मला काहीच म्हणाली नाही. फक्त त्यानंतर ती कुठल्याही गाडीत बसली नाही. पुढं परी झाली, तेव्हा दवाखान्यातून घरी ती पायी गेली. ओली बाळंतीण, पोर छातीशी धरून, भर दुपारी. तिच्या मागं दहा पावलांवर मी गाडी पहिल्या गिअरमध्ये चालवत होतो. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

परीक्षेला आठ दिवस उरले होते आणि सकाळीच जिवतीहून फोन आला. आत्या गेली.

आत्या म्हणजे बाबांची एकुलती बहीण. अंशूनंतर शीतलला तिनंच जिवतीला नेऊन सहा महिने ठेवलं होतं; घास भरवून, केस विंचरून पुन्हा माणसात आणलं होतं. शीतलला जाणं भाग होतं. बाबांना तर होतंच. आमच्यात सवाष्ण असो की विधवा, बाई गेली की भावाच्या हातचं माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत.

शीतल आठ महिन्यांच्या परीला घेऊन आमच्या फाटकाशी आली.

"बसनं गेलं तर पोचन का दादा?"

"नाई पोचनार. दुपारी उचलतात म्हने."

तिनं परीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, गाडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "ते सीट आहे ना तुझी? लाव."

मी सीट आणायला घरात धावलो. तोवर बाबा गाडीच्या मागच्या दारानं आत शिरून, बेल्ट लावून, मांडीवर लुगड्याची पिशवी घेऊन तयार! "चाल बे, तिकडं माती व्हायची तिची!" मी दुसऱ्या बाजूनं शिरलो, सीट मधोमध ठेवली, तिच्यावर गुडघा रोवला, अंगाचं सगळं वजन टाकलं आणि दात खाऊन पट्टा ओढला. पुस्तकात लिहिलं होतं, हलवून पाहा, बोटभर हलली तर चालेल. माझी केसभरही हलली नाही! (परीक्षक नव्हते, याचं मला त्याही दिवशी वाईट वाटलं. माणूस असा असतो.)

रस्ताभर शीतलचा एक हात परीच्या पोटावर होता आणि डोळे माझ्या वेगाच्या काट्यावर. मी असा चाललो की घाटाच्या चढावर एका सायकलवाल्यानं मला मागं टाकलं. जाताना त्यानं काळजीनं आत डोकावून पाहिलं.

जिवतीला पोचलो तेव्हा आत्याच्या घरासमोर माणसंच माणसं. जागा मिळाली ती उतारावर. पुढं सरणाच्या लाकडांचा ट्रॅक्टर, मागं मोटारसायकली. शीतल आपलं बक्कल काढून उतरली, परीला सीटमधून सोडवून घेतलं. मी बाबांचं दार उघडलं.

"उतरा बाबा."

"उतरतो ना. बक्कल कुठी गेलं?"

बक्कल माझ्या सीटच्या बुडाखाली गेलं होतं! सीट ज्या पट्ट्यानं गाडीला बांधली होती, त्याचं बक्कलही तिथंच. दोन्ही दबलेली, वर लाल बटणाची नुसती कड दिसत होती. बोट जाईना. पट्टा सैल करून बाबांना खालून ओढावं, तर गाडी तिरपी असल्यामुळे पट्टाही अडकलेला. (गाडी कलली की पट्टा अडकतो, हा प्रश्न मी आदल्याच दिवशी बरोबर सोडवला होता!) बाबांनी हिसका दिला, तसा तो त्यांच्या पोटावर आणखी बसला.

आत्याचा मुलगा सुधाकर उघड्या डोक्यानं, सुजल्या डोळ्यांनी गाडीपाशी आला. "मामा, या ना. सगळे तुमच्यासाठीच थांबले."

"येतो ना! या मास्तरनं मले बांधून ठेवलं!"

"काऊन?"

मी म्हटलं, "दोन मिनिटं, सुधाकर भाऊ." सुधाकरनं आत हात घालून सीट वर ओढली. हलली नाही. मग दोघांनी ओढली. मग चौघांनी. पाचवा डिकीतून घुसला. गाडी गदगदा हलत होती, सीट हलत नव्हती. घरातलं बायांचं रडणं हळूहळू थांबलं आणि त्याही ओट्यावर येऊन बघायला लागल्या. मी घामाघूम होऊन पुस्तक काढलं. मयतीच्या दारात मी अनुक्रमणिका चाळत होतो!

कोणीतरी विळा आणला. तो बोथट. पट्ट्यावरून सटकून बाबांच्या बंडीची दोन बटणं घेऊन गेला. मग एकानं ट्रॅक्टरवरची कुऱ्हाड उचलली.

बाबा ओरडले, "अरे थांबा बे! लाकडं एकाचेच आनले ना?"

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. सूर्य कलायला लागला होता. सुधाकरनं सूर्याकडे पाहिलं. मग वळला आणि म्हणाला, "मामा येऊ शकत नाई, तर मायले आनू."

आणि त्यांनी तिरडी आणली. चार जणांनी ती खांद्यावर न घेता हातावर धरून गाडीच्या उघड्या दाराशी, बाबांच्या गुडघ्याच्या उंचीवर आणली. बाबांनी पिशवीतून हिरवं लुगडं काढलं, घडी मोडली. पट्टा पुढं वाकू देईना. हात ताणून ताणून त्यांनी ते आत्याच्या अंगावर पसरलं, पायापर्यंत नाही पोचलं, ते शीतलनं ओढून घेतलं.

"गोदे," बाबा म्हणाले, "उतरता नाई आलं ओ मले. राग नको धरू."

आणि माझा बाप, ज्याला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, अंशूच्या वेळीही नाही, तो मागच्या सीटवर बांधल्या जागी लहान पोरासारखा रडला. मी पुस्तक मिटलं. तोंड कुठं लपवावं कळेना.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी बाई पुढं आली. आत्याची शेजारीण. तिनं सीटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काहून रे पोरा, वरतं ओढून राह्यले सगळे? कशी बसवली होती?"

"दाबून."

"मंग दाबूनच निघन ना ते!"

मी आत शिरलो, सीटवर गुडघा रोवला, सगळं वजन टाकलं. बुडाशी जराशी फट झाली. शीतलनं परीला एका बाईकडे दिलं आणि आपला बारीक हात त्या फटीत सारला. खट्! बाबा सुटले. बटणं तुटलेली बंडी एका हातानं धरून ते तिरडीला खांदा द्यायला गेले.

(शेजारच्या प्रवाशाचं बक्कल दबत नाही ना, हे आधी पाहावं, असं पुस्तकात ठळक अक्षरांत आहे. सहाव्या धड्यात. माझे पाच झाले होते.)

दुसऱ्या दिवशी निघताना (बाबा सुधाकरकडेच राहिले) मी ती सीट काढून डिकीत टाकायला लागलो. वाटलं, आता शीतल तिच्याकडे बघणारही नाही. शीतलनं मला थांबवलं.

"काल किती जनं ओढून राह्यले होते तिले?"

"पाच."

"हालली?"

"नाई."

तिनं सीटवरून हात फिरवला. मग म्हणाली, "राहू दे." मी बक्कलं मोकळी ठेवून सीट पुन्हा बसवली. परीला तिनं स्वतःच्या हातानं बसवलं, पट्टा ओढला, खांद्यावर चिमटीत धरून पाहिला. धरता आला नाही. राजुऱ्याच्या अलीकडे मी आरशात पाहिलं, तर परीच्या सीटला टेकून शीतल झोपली होती. तोंड उघडं होतं. मला समोरचं नीट दिसेना, म्हणून मी गाडी बाजूला घेऊन थांबलो. तिला उठवलं नाही.

पुढच्या आठवड्यात परीक्षा दिली. पास झालो. परीक्षक म्हणाले, बक्कल तपासण्यात तुमच्याइतका हळवा उमेदवार पाहिला नाही.

सर्टिफिकेट बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, पाठीवर हात ठेवला, म्हणाले, "चांगलं शिकला बे." तेराव्या दिवशी, आत्याच्या तेरवीच्या सकाळी मी गाडी धुऊन, पुसून, दार उघडून फाटकाशी उभा राहिलो. शीतल परीला घेऊन बसलीसुद्धा. बाबा पिशवी घेऊन बाहेर आले, गाडीला वळसा घातला आणि सरळ एसटी स्टँडच्या रस्त्याला लागले.

"बाबा, बसा ना! आता तं सरकवून बसवली मी!"

"तू ये पोरीले घेऊन," ते न वळताच म्हणाले. "मले तेरवीले जेवायले उतरा लागते!"