गर्दी नसलेला किनारा

“तिथं चिटपाखरूसुद्धा नसतं,” असं म्हणून भाऊ टेबलावरून तळहात सपाट फिरवायचे. किनाऱ्यावर चुकून कोणी उरलं असेल तर तेही पुसून टाकल्यासारखा. मग गिऱ्हाइकाकडे बघत गप्प बसायचे. गिऱ्हाईक पुण्याचं असलं की एवढ्यावर काम व्हायचं. आपलं काय हो, दहा जणांना माहीत झालेली जागा म्हणजे वाया गेलेली जागा.

बिबवेवाडीत आमच्या कॉम्प्लेक्सच्या तळमजल्यावर सात गाळे आहेत. एकात माझं फॉल-पिको आणि ब्लाउज शिवायचं दुकान, आणि शेजारी त्यांचं टूरचं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक टेबल, तीन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर कोकणाचा नकाशा. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून उघडलेलं. बायकामुलं घेऊन समुद्रावर जाणाऱ्यांना किनारा निवडून द्यायचा आणि तिथल्या एखाद्या घरात राहण्या-जेवणाची सोय लावायची, हा उद्योग. नाव सांगत नाही, त्यांना आवडलं नसतं. सगळे त्यांना समुद्रवाले काका म्हणायचे. मी भाऊ म्हणायचे, ते मला ताई म्हणायचे. मधली भिंत इतकी पातळ की त्यांचं सगळं बोलणं मला मशीनवर बसल्या बसल्या पाठ झालं होतं.

एकदा एका तरुणाने विचारलं, “काका, तिथे वॉटर स्पोर्ट्स वगैरे आहेत ना?”

“आहेत असा किनारा देतो की. तिथं हॉर्नही आहेत, पार्किंगची भांडणंही आहेत. पण त्यासाठी घाट कशाला उतरता? शनिवारी संध्याकाळी तुळशीबागेत जा. पेट्रोल वाचेल.”

तरुण ओशाळला आणि हळूच म्हणाला, “मग तुमचा तो शांतवाला सांगा. रेंज येते का तिथे?”

“नाही येत,” हे ते अशा थाटात म्हणाले, जसं काही मोबाइलचा टॉवर त्यांनी स्वतः हाकलून दिला होता.

गावाचं नाव ते तोंडी कधी सांगायचे नाहीत. पैसे भरले की एका चिठ्ठीवर रस्ता लिहून द्यायचे. वडापासून डावीकडे, मग देऊळ, मग कोणाला विचारू नका, उतार आपोआप दिसेल. “आणि हे बघा, गावभर करू नका,” असं बजावायचे. गिऱ्हाईकही चिठ्ठी खिशात घालताना उगाच इकडेतिकडे बघायचं. मला भिंतीपलीकडे हसू यायचं.

पण थापा मारणाऱ्यातले ते नव्हते, हे मला आधी सांगू द्या. पाठवायच्या आधी प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन राहायचे. पोरांसाठी बिनतिखटाची आमटी करतात का, म्हाताऱ्यांसाठी कमोड आहे का, सकाळी दूध मिळतं का, सुरूच्या झाडांची सावली कुठपर्यंत येते, घरापासून वाळूपर्यंत पावलं किती, सगळं वहीत असायचं. एका घरमालकाचा कुत्रा लहान मुलांवर गुरगुरतो म्हणून ते घर त्यांनी कायमचं बाद केलं. एवढा बारकावा मी माझ्या ब्लाउजच्या मापांतही ठेवत नसेन. फक्त पाण्यात ते कधी उतरले नाहीत. चपला हातात घेऊन घोट्यापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. त्यांना पोहता येत नव्हतं. त्यांनीच मला एकदा हसत सांगितलं होतं, मीही हसले होते.

आता जे सांगायचंय त्यात माझाही हात आहे. माझी एक गिऱ्हाईक होती, शाळेत शिकवायची. नवरा कंपनीत, मुलगी चौथीत. नाताळची सुट्टी जवळ आली होती. ब्लाउज घालून बघता बघता म्हणाली, “मावशी, मला एकदा समुद्रात मनसोक्त डुंबायचंय हो. पण बाई ओली झाली की लोक मोबाइल काढतात. मेल्यांना लाज नाही. कोणी नसेल अशी जागा पाहिजे.”

मी म्हटलं, “मग बाजूच्या गाळ्यात चल.” हाताला धरून मीच तिला नेलं. भाऊंनी टेबलावरून तळहात फिरवला आणि चिठ्ठी लिहून दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते झालं. ओहोटी लागली होती. वरून पाणी शांत, खाली ओढ. मुलगी गुडघाभर पाण्यात होती, तिचा पाय निसटला. बाप धावला. त्याने तिला काठाकडे ढकललं, ती वाळूवर आली, तो आला नाही. आई मदतीसाठी पळाली. पण किनारा असा नामी निवडलेला, की पहिलं घर टेकडीच्या पलीकडे, आणि फोनला रेंज नाही. ती माणसं घेऊन परत येईपर्यंत चौथीतली पोरगी तिथे एकटी उभी होती. तिचा बाबा संध्याकाळच्या भरतीला मिळाला.

घरमालकाचा फोन आला तेव्हा भाऊ माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसले. मी पाणी दिलं, ते पेला हातात धरून बसून राहिले. दुकान बंद करायची वेळ झाली तरी पेला तसाच भरलेला होता.

कॉम्प्लेक्समधल्या लोकांनी त्यांना समजावलं. समुद्र आहे, त्यात तुमचा काय दोष? मीही तेच म्हटलं, कारण त्यांचा दोष नाही म्हटलं की माझाही नाही असं होत होतं. स्वार्थी असतो हो माणूस. पण ते त्या घरी भेटायला गेले नाहीत. बाराव्याला गेले नाहीत, महिन्याने गेले नाहीत, संक्रांतीनंतर, पाडव्यानंतर, गेलेच नाहीत. मी कानीकपाळी ओरडले. “भाऊ, एकदा जाऊन तिच्यासमोर उभे राहा. बोलू नका, नुसते उभे राहा.”

“काय तोंडाने जाऊ, ताई?”

“आहे त्याच तोंडाने जा. दुसरं कुठून आणणार?”

ते खाली बघायचे आणि आपल्या गाळ्यात निघून जायचे.

ऑफिस चालू ठेवलं, पण माणूस उलटा झाला. आता ते गिऱ्हाइकाला विचारायचे, “पोहता कोणाला येतं?” सुट्टी ठरवायला हसतखेळत आलेली माणसं गप्प व्हायची. “मग जिथं भेळवाला उभा आहे, घोडागाडी फिरते आहे, तिथंच जायचं. शिट्टीवाला माणूस बसलाय का ते आधी बघायचं. शंभर माणसं असली की एखादा तरी धावतो.” लोक म्हणायचे, अहो काका, पण तुमच्याकडे शांत जागा असतात असं ऐकलं होतं. “होत्या,” एवढंच ते म्हणायचे. हळूहळू कोणी येईनासं झालं. अख्खी दुपार भिंतीपलीकडून खुर्चीसुद्धा वाजायची नाही.

दीड वर्षाने, जूनमध्ये, ती आली. वाळली होती, केस पुढून पांढरे झाले होते. माझ्याकडे न थांबता सरळ त्यांच्या गाळ्यात गेली. मशीन थांबवून मी दारात जाऊन उभी राहिले.

“मुलगी पाण्याला भिते,” ती म्हणाली. “साधी नाही भीत. अंघोळीला मी तांब्या भरून हातात देते, बादली दिसली की थरथरते. पावसात शाळेच्या दाराशी पाणी साचलं तर आत जात नाही, परत येते. डॉक्टरबाई म्हणाल्या, दिवाळीत, पाऊस संपल्यावर, एकदा समुद्र दाखवा, लांबून, माणसांमध्ये. मला ठरवता येत नाहीये. नकाशा उघडला की हात गार पडतात. तुम्हीच सांगा कुठला किनारा. तुम्हीच पाठवलं होतंत ना.”

त्या शेवटच्या वाक्यात राग होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही. ती अगदी हळू बोलली. भाऊ उभे राहिले होते, ते टेबलाला धरून “हो” म्हणाले.

पाऊस थांबल्यावर ते एसटीने निघाले आणि दोन आठवडे फिरत राहिले. पण या वेळी आमटी नाही, कमोड नाही. कोळ्यांना विचारलं, होडी ओढणाऱ्यांना विचारलं. वाळू कुठपर्यंत सपाट आहे, पाणी कुठे आत ओढतं, ओहोटी लागल्यावर तुम्ही तुमच्या पोरांना कुठे जाऊ देत नाही. जे आधी विचारायला हवं होतं ते सगळं विचारलं. परत आले तेव्हा काळेठिक्कर पडले होते, नाकाची साल निघाली होती. निवडलेला किनारा असा, की पूर्वी त्यांनी त्याची टिंगल केली असती. भोंग्यावर गाणी, उंट, शंभर छत्र्या, आणि लाकडी मचाणावर शिट्टी घेऊन बसलेला जीवरक्षक.

ती म्हणाली, “तुम्ही पण या. मावशी, तुम्ही पण.”

गेलो. मुलगी सहावीत गेली होती. सगळ्या रस्त्यात एक अक्षर बोलली नाही. किनाऱ्यावर आईचा हात धरून ओल्या वाळूच्या कडेपर्यंत आली आणि तिथे तिचे पाय थांबले. भाऊंनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते पाण्यात जाऊन उभे राहिले, समुद्राकडे पाठ करून, तिच्या बरोबर समोर. एरवी घोट्याच्या वर न जाणारा माणूस. लाट मागून आली की त्यांचे खांदे आवळले जायचे, मला काठावरून दिसत होतं.

बराच वेळ मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, “काका, तुम्हाला पोहता येतं?”

“नाही, बाळा.”

“मग तुम्ही तिथे कशाला उभे आहात?”

उंटवाला घंटा वाजवत आमच्या मागून गेला.

“तुम्ही आईला सांगितलं होतं ना, तिथे कोणी नसतं,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, शाळेत धड्याचं उत्तर सांगतात तसं सांगितलं. “खरंच कोणी नव्हतं. मी खूप ओरडले. बाबा आधी दिसत होते. मग नव्हते दिसत. तरी मी ओरडत होते.”

भाऊ पाण्यातून बाहेर आले. ओल्या वाळूत तिच्यासमोर गुडघे टेकून बसले आणि हात जोडले. “माझं चुकलं,” म्हणाले. मग मान वर करून तिच्या आईला म्हणाले, “माझं चुकलं हो.”

ती म्हणाली, “हे एवढं म्हणायला तुम्हाला दोन वर्षं लागली. मी रोज दाराकडे बघत होते.”

मग मुलीला घेऊन भेळेच्या गाडीकडे गेली. त्या दिवशी मुलीचे पाय ओले झाले नाहीत. परतीच्या रस्त्यात भाऊ मागच्या सीटवर उन्हाच्या बाजूला बसले होते, उन्हातून सरकायचीही शुद्ध नव्हती त्यांना. मी रडत होते. मला म्हणायला हवं होतं की चिठ्ठी त्यांनी लिहिली पण हाताला धरून मी नेलं. मी ते त्या दिवशी म्हटलं नाही, नंतरही नाही. माफी मागायचं धाडस त्यांनी उशिरा का होईना केलं. मी अजून ब्लाउज शिवतेय.

पुढच्याच महिन्यात त्यांनी गाळा सोडला. आता तिथे मोमोचं दुकान आहे. आणि एक दिवस कळलं की हा बासष्ट वर्षांचा माणूस पोहणं शिकायला टँकवर जातो. मला आधी हसू आलं, मग कसंतरीच झालं. एका दुपारी मुद्दाम बघायला गेले. उथळ बाजूला निळी टोपी घातलेले भाऊ, आणि आजूबाजूला पहिली-दुसरीतली पोरं. पोरं धबाधब उड्या मारत होती. हे दोन्ही हातांनी काठाची दांडी धरून पाय मारत होते. शिकवणारा पोरगा सारखा सांगत होता, “काका, सोडा ना दांडी. चार फूट पाणी आहे. मी आहे इथे.” ते मान हलवायचे आणि आणखी घट्ट धरायचे.

तीन महिने ते टँकवर जात होते. मग थंडी सरता सरता एका सकाळी चहा घेता घेता घरीच कोसळले आणि गेले. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. मी मुलीच्या आईला फोन केला. “बरं” म्हणाली आणि ठेवला.

मी टँकवर बघायला गेले होते त्या दिवशी ते पाण्यातून बाहेर येऊन बाकावर बसले होते. अंगावर टॉवेल, दात वाजत होते. मी म्हटलं, “भाऊ, या वयात कशाला हा हट्ट? तुम्ही तिथे असतात तरी काय करणार होतात?”

“ओरडलो असतो, ताई. तिच्याबरोबर नुसता ओरडलो असतो,” ते म्हणाले. त्यांनी टॉवेल डोक्यावरून ओढून घेतला. “परवा दांडी सोडली मी. तीन आकडे मोजले आणि खाली गेलो. नाकातोंडात पाणी. त्या पोराने लगेच वर काढलं म्हणा. पण ताई, पाणी तोंडात गेलं की हाक मारता येत नाही हो. आवाजच फुटत नाही. इतकी माणसं पाठवली मी समुद्रावर, लेकरं पाठवली, आणि मला हे माहीतच नव्हतं.”