एकमताने मंजूर

"लिही बेटा," चेअरमन म्हणाले, आणि मी लिहायला लागले.

सानपाड्याला आमच्या बिल्डिंगच्या खाली, पार्किंगमध्ये, सोसायटीची सभा भरली होती. मुंबईतल्या दंगलीनंतरचा उन्हाळा. मी बारावीची परीक्षा देऊन घरी बसलेली. सेक्रेटरींचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागत नसे, म्हणून सभेचं इतिवृत्त मी लिहायचे. अब्बांना याचा कोण अभिमान! बिल्डिंगमध्ये मुसलमानाचं घर एकच, आमचं, आणि सोसायटीची वही त्या घरातल्या मुलीच्या अक्षरात. गावाकडून, म्हसळ्याहून पाहुणे आले की चहाच्या आधी हे सांगून व्हायचं.

चेअरमननी सांगितलं ते असं: "यापुढे फ्लॅट विकताना खरेदीदार आपल्यासारख्याच कुटुंबातला असावा. तसा नसेल तर सोसायटी ना-हरकत दाखला देणार नाही."

माझं पेन थांबलं. मी विचारलं, "आपल्यासारख्याच म्हणजे?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. चेअरमन हसले नाहीत. अगदी मायेनं म्हणाले, "अगं, तुमचं वेगळं. तुम्ही आपलेच. हे येणाऱ्यांसाठी आहे."

येणारे म्हणजे कोण, ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. अब्बांचे चुलत भाऊ, कादिरचाचा. आखातात बारा वर्षं काढून परतलेले. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेणार होते. बोलणी झाली होती. चाची तर खिडक्यांच्या पडद्यांचं माप घेऊन गेली होती.

"मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. तळमजल्यावरचे मास्तर, ज्यांच्याकडे मी गणित शिकले, त्यांचा गेला. समोरच्या काकूंचा गेला. ईदला त्यांच्याकडे शिरखुर्मा मी स्वतः पोचवायचे, डबा कधी रिकामा परत आला नाही. मी अब्बांकडे बघितलं. ते शेवटच्या रांगेत होते. त्यांचा हात आधी कोपरापर्यंत उचलला गेला. मग पूर्ण वर गेला.

"एकमताने मंजूर, असं लिही."

मी लिहिलं. खाडाखोड न करता लिहिलं. चेअरमननी वही हातात घेऊन वाचली, शेजाऱ्याला दाखवली. "बघा, मोत्यासारखं अक्षर आहे पोरीचं." मला दोन समोसे दिले. मी ते खाल्ले. हेही सांगितलंच पाहिजे. खाल्ले मी.

 कादिरचाचांना अब्बांनी फोनवर सांगितलं, "सोसायटीचा प्रॉब्लेम हाय." चाचा मुंब्र्याला गेले. आमच्याकडे येणं हळूहळू बंद झालं. का बंद झालं, ते सभेला नसलेल्या अम्मीनं विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

मी पुढे पावण्याला एका छोट्या कारखान्यात ऑफिसचं काम धरलं. पुढच्या सभेच्या वेळी सेक्रेटरी बोलवायला आले तेव्हा मी डोकं दुखतंय म्हणाले. त्यापुढच्या सभेलाही दुखलं. एवढंच माझं बंड. डोकेदुखीचं.

मग काही वर्षांनी महापालिकेची निवडणूक लागली आणि आमचे चेअरमन उमेदवार झाले. वॉर्डाच्या हद्दी आखल्या तेव्हा आमच्या लोकांच्या दोन मोठ्या वस्त्या त्यांच्या वॉर्डात आल्या होत्या. तेव्हापासून त्यांच्या तोंडात एकच भाषा. जुईनगरच्या सभेत मी रस्त्याच्या कडेला उभी राहून ऐकलं. "माझ्या बिल्डिंगमध्ये पहिल्यापासून सगळ्या धर्मांची माणसं गुण्यागोविंदानं राहतात. भेदभाव आम्हाला माहीत नाही." टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी एक दाढीवाले बुजुर्ग होते, त्यांनीही वाजवल्या. मी तिथून निघाले.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी ते आमच्या घरी आले. सोबत दोन कार्यकर्ते. अब्बा तर हरखून गेले. नवे कप निघाले. चेअरमन खुर्चीत टेकले आणि मला म्हणाले, "बेटा, तुझं अक्षर हवंय. तुमच्या लोकांना एक पत्र लिही. हा माणूस आपला आहे, भरवशाचा आहे, आम्ही शेजारी राहून बघितलंय. तुझ्याच अक्षरात छापतो आणि घरोघरी वाटतो. खाली तुझं नाव, अब्बांचं नाव."

मी म्हणाले, "काका, आधी तो ठराव रद्द करा."

"कुठला ठराव?"

ते नाटक करत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. माझ्या चाचाचं घर गेलं, आमचं येणं-जाणं तुटलं, माझा हात मला परका झाला, आणि ज्यानं हे केलं त्याच्या डोक्यात त्याची नोंदसुद्धा नाही. शिवी दिली असती तर कमी लागलं असतं.

मी ठराव तोंडपाठ म्हणून दाखवला. शब्दन् शब्द. कार्यकर्ते कपात बघायला लागले.

"अगं, ते तेव्हाचं वातावरण तसं होतं," चेअरमन म्हणाले. "सगळेच तसं बोलायचे. आता माझा विचार बदललाय. माणसानं बदलू नये का?"

"बदलावं. मग तसंच लिहिते. 'दंगलीनंतर मी असा ठराव आणला, तो अन्याय होता, आता मी तो रद्द करतोय.' खाली तुमची सही करा. घरोघरी मी स्वतः वाटते."

ते हसले. "इलेक्शनमध्ये असं कोण लिहितं? विरोधकांच्या हातात आयतं कोलीत द्यायचं? निवडून तर येऊ दे, मग बघू."

"मग मी लिहिणार नाही."

"अगो, लिही ना," अब्बा म्हणाले. "चार ओळींचं काम हाय."

"नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाच्या डोळ्यात बघून नाही म्हणाले.   ते उठले, अब्बांच्या खांद्यावर थोपटलं. "शिकलेल्या पोरी अशाच. टेन्शन घेऊ नका." आणि गेले.

दार लागल्यावर अब्बा माझ्यावर कडाडले. "मानूस सुधारतो हाय तर सुधारू दे की! तू त्याला मागं कशाला खेचतेस? आपल्याला हितंच राहायचं हाय."

मी विचारलं, "अब्बा, त्या दिवशी तुम्ही हात का वर केलात?"

हा प्रश्न इतकी वर्षं आमच्या घरात कुणी काढला नव्हता. अब्बांनी नवे कप उचलून ट्रेमध्ये ठेवले. मग म्हणाले, "माझा एकट्याचा खाली राहिला असता तर सगले माझ्याकडंच बघत बसले असते."

मला त्यांचा राग आला आणि त्यांच्यासाठी वाईटही वाटलं. माझ्या अब्बांना त्यांच्याच भावाविरुद्ध हात वर करायला लावला. बंदूक नाही, धमकी नाही. नुसत्या नजरा. आणि आज तोच माणूस आमच्याकडूनच चारित्र्याचा दाखला मागतो!

चेअरमन निवडून आले. अब्बांनी त्यांनाच मत दिलं. लपवलं नाही माझ्यापासून. ठराव वहीत तसाच आहे. त्यांच्या "मग बघू"मधलं ते "मग" अजून आलेलं नाही. ठराव रद्द करावा म्हणून मी सोसायटीकडे अर्ज दिला, तर उत्तर आलं की अर्जदार सभासद नाही, घर वडिलांच्या नावावर आहे.

लोक मला म्हणतात, तू फार ताणतेस. पुढारी चांगलं बोलायला लागला, तर त्याचा फायदा घ्यावा. उगाच जुनं उकरू नये. मी यावर खूप विचार केला. माणूस बदलतो, यावर माझा विश्वास आहे. का नसेल? मी स्वतः बदलले. पण आपण कुठून बदललो हे ज्याला सांगता येत नाही, तो बदललेला नसतो. त्यानं फक्त गिऱ्हाईक बघून माल बदललेला असतो. उद्या हद्दी पुन्हा आखल्या की जुना माल पुन्हा मांडेल.

म्हणून आधी मी माझं केलं. मुंब्र्याला कादिरचाचांना पत्र लिहिलं. त्यात सांगितलं की तुमचं घर ज्या ठरावानं गेलं तो मी लिहिला. मला अर्थ कळत होता. तरी लिहिला. चाचांचं उत्तर आलं नाही. येईलच असंही नाही, आणि त्यांना तो हक्क आहे.

आता कुणीही विचार बदलून माझ्या दारात आला की मी एकच मागते. ज्यांचं नुकसान केलंत, त्यांना स्वतःहून सांगा काय केलंत ते. मी सांगितलंय, त्यानं माणूस मरत नाही. हे जो सांगणार नाही, त्याला माझं मत नाही. तो कितीही गोड बोलला तरी नाही, आणि माझे अब्बा त्याच्या बाजूनं उभे राहिले तरी नाही.