भिंतीकडं वळवलेली चाकं

आमचं घर जालन्यात मस्तगडला, चढाच्या अगदी वरच्या टोकाला होतं. बोळ इतका उभा की भाजीवाली निम्म्यावरच टोपली उतरवायची आणि तिथूनच हाका मारायची. अशा जागी मोटार ठेवणं हा शुद्ध वेडेपणा आहे, असं शेजारपाजार तोंडावर म्हणायचा. पण माझे यजमान डॉक्टर होते. अंबडच्या बाजूच्या खेड्यांतून त्यांना बोलावणी यायची आणि टांग्यानं, बैलगाडीनं पोचेपर्यंत कधी कधी सगळं आटोपलेलं असायचं. पोलीस अॅक्शननंतर पुष्कळ लोक जालना सोडून गेले. त्यातल्याच एका निजामी अंमलदाराची जुनी काळी मोटार यजमानांनी घेतली.

तेव्हा माझं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. मोटारीचं मला अप्रूप होतं आणि धास्तीही. तिचा हँडब्रेक पहिल्यापासूनच ढिला. औरंगाबादला नेऊन दोनदा दुरुस्त करून आणला, पण महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच. म्हणून यजमानांनी गाडी उभी करण्याची एक पद्धत ठरवून टाकली होती आणि तीत कधी बदल केला नाही. चढावर येताना शेवटच्या हातभर अंतरात स्टिअरिंग डावीकडं, भिंतीकडं वळवायचं. मग ब्रेक दाबून धरायचा, हँडब्रेक पार वर ओढायचा, इंजन बंद करून गाडी पहिल्या गेरमध्ये टाकायची. तोंड उताराकडं असेल तर रिव्हर्समध्ये. आणि मग उतरून चाकाला चांगला जाड दगड.

"एवढं सगळं कशाला?" मी एकदा विचारलं. "दगड पुरे की."

"दगड निसटतो," ते म्हणाले. "गाडी चढावर उभी असली की तिला खाली जायचंच असतं. ती सुटणारच, असं धरून चालायचं. चाकं भिंतीकडं असली की बोळातून सरळ खाली जाणार न्हाई. मागचं अंग भिंतीला टेकंल आणि थांबेल. पत्रा चेपला तर चेपू दे. खाली लेकरं खेळतात."

ते हैदराबादेत शिकलेले. बोलण्यात उर्दू शब्द पुष्कळ, आवाज हळू. खेड्यात बाळंतपणाला जायचं असलं की मला बरोबर घ्यायचे. पुरुष डॉक्टर आला म्हटल्यावर बायका दार लावून घ्यायच्या. मी आधी आत गेले की दार उघडायचं. बघून बघून मलाही बरंच कळायला लागलं होतं. पाणी उकळून ठेवणं, बाईचा हात धरून बसणं, मूल पुसून घेणं एवढं मी करायची. परत येताना ते खुशीत असले तर मोटारीत गुणगुणायचे. माझ्या संसारातले तेच बरे दिवस होते.

कापसाची वेचणी चालू होती तेव्हाची गोष्ट. सकाळीच एक माणूस आला. पन्नाशीचा, उंच, पायाला धूळ लागलेली. त्याची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली आणि आदल्या दिवशीपासून अडलेली.

"सुईण म्हणती, आता माझ्या हातचं न्हाई," तो म्हणाला. "साहेब, जल्दी चला."

आम्ही त्याला गाडीत घेऊनच निघालो. अंबडच्या सडकेवरून पुढं कच्ची वाट, दोन्ही बाजूंना पांढरी झालेली कपाशी. तो मागं बसला होता, सीटची कड दोन्ही हातांनी धरून.

गावाच्या मधोमध पडकी गढी होती आणि त्याचं घर गढीच्या अंगाला, उंचावर. तिथवर जाणारी वाट आमच्या बोळाहून उभी. डाव्या हाताला गढीची दगडी भिंत, उजवीकडं घरं.

"खाली चावडीपाशीच उभी करा साहेब," तो म्हणाला. "पोरीला बाजेवर घालून खाली आणतो."

"न्हाई. अडलेल्या बाईला या चढावरून बाजेवर हिंदकळत आणायचं न्हाई," यजमान म्हणाले आणि त्यांनी गाडी वर घेतली. दारासमोर आल्यावर नेहमीसारखी चाकं भिंतीकडं वळवली, ब्रेक ओढला, गेर टाकला. दगड त्या माणसानंच आणून दिला. यजमानांनी तो चाकामागं पायानं ठोकून बसवला.

आत मुलगी अर्धवट शुद्धीत होती. सोळा-सतराची असेल. यजमानांनी पोटावर हात ठेवून बघितलं आणि माझ्याकडं नुसतं पाहिलं. बाहेर येऊन तिच्या बापाला सांगितलं, "मूल आडवं आहे. इथं व्हायचं न्हाई. जालन्याला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल."

"न्या साहेब. न्या," एवढंच तो म्हणाला.

ती गाडी पुढून हँडल मारून सुरू करावी लागायची आणि त्यासाठी गेर काढून ठेवावा लागायचा. एरवी चढावर असलो की क्रम ठरलेला होता. ते इंजन सुरू करत, आत येऊन बसत, पाय ब्रेकवर ठेवत आणि मग हाक देत, "काढा दगड." त्या दिवशीही त्यांनी इंजन सुरू केलं. तेवढ्यात बाजेवरून मुलीला आणलं. मी उजव्या दारानं आत जाऊन मागच्या सीटवर बसले होते, तिचं डोकं मांडीवर घ्यायला. डाव्या दारानं तिला आत सरकवताना ती किंचाळली. पाय आत घेता येईनात. यजमान वळसा घालून भिंतीच्या बाजूला आले, माणसांना मागं सारलं आणि स्वतः दारात वाकून तिचे गुडघे अलगद दुमडायला लागले.

"झालं हं बाई, झालं. श्वास घे," ते तिला म्हणत होते.

बापाला वाटलं असेल, इंजन चालू झालं, मुलगी आत गेली, आता निघायचं. तो वाकला आणि त्यानं दगड ओढून काढला.

गाडी आधी थरथरली. मग मागं सरकली. फार नाही, दोन-तीन हात. चाकं वळवलेली होती, त्यामुळं मागचं अंग भिंतीकडं फिरलं आणि धाडकन टेकलं. गाडी थांबली. यजमान मध्ये होते.

त्यांच्या तोंडून ओरडणं आलं नाही. खोल हुंकारासारखं काहीतरी आलं. त्यांचा चेहरा दाराच्या चौकटीत, माझ्यापासून हातभर अंतरावर होता. माझ्या मांडीवर ती मुलगी कण्हत होती. मी "अहो, अहो" म्हणत राहिले.

बाहेर माणसं गाडीला हात घालायला धावली. तेव्हा ते बोलले. "कोणी ओढू नका. आधी मागं दगड लावा. दोन्ही चाकांना लावा." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "अगं, तिचं डोकं खाली ठेव. सीटवरून पुढं जा. मधलं पेडल आहे ना, त्याच्यावर पाय दाब. पूर्ण दाब."

पातळ सावरत मी सीटवरून पुढं घसरले. पायाला पेडल लागलं. दोन्ही पायांनी दाबलं. हात आपोआप स्टिअरिंगकडं गेले.

"स्टिअरिंगला हात लावू नको," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "आहे तसं राहू दे. जशी आली तशीच वर जाईल. आता सगळ्यांनी मागून लोटा. लोटा म्हटल्यावर तू पाय काढ, थांबा म्हटल्यावर पुन्हा दाब."

माणसांनी लोटली. मी पाय काढला. गाडी वर चढली, भिंतीपासून सुटली. "थांबा" हे ते म्हणाले नाहीत, दुसराच कोणी ओरडला. मी पेडल दाबलं, चाकांना दगड लागले. मी मागं बघितलं तेव्हा यजमान भिंतीशी खाली बसले होते आणि त्यांचा डावा पाय मांडीपासून नको तिकडं वळलेला होता.

गाडी हाकणारं गावात कोणी नव्हतं. दोन बैलगाड्या जुंपल्या, कडबा अंथरला. एकीत मुलीला घातलं, एकीत त्यांना. मी त्यांच्या गाडीकडं जायला लागले.

"तू तिच्याजवळ बस," ते म्हणाले. "मला काय करायचंय तुझं?"

हे वाक्य त्यांनी रागानं म्हटलं नव्हतं. पण मला ते बरीच वर्षं ऐकू येत राहिलं.

मुलीचा बाप दोन्ही गाड्यांच्या मधून पायी चालत होता. कधी इकडच्या गाडीला हात लावायचा, कधी तिकडच्या. सडकेला लागल्यावर कापसाच्या गठड्या घेऊन जाणारा एक ट्रक थांबला आणि त्यानं आम्हाला जालन्याला पोचवलं. मुलगी वाचली. मूल गेलेलं होतं. मुलगा होता.

यजमानांचा पाय वजन बांधून कित्येक आठवडे लटकावून ठेवला होता. हाड जुळलं, पण पाय आखूड झाला आणि गुडघा वाकेना. काठी घेऊन ते घरी आले तेव्हा आमचा बोळ चढायला त्यांना इतका वेळ लागला की शेजारच्या बायका दारातून आत निघून गेल्या, बघवेना म्हणून. वर आल्यावर ते ओट्यावर बसले आणि पुढं दिवसच्या दिवस खाली उतरले नाहीत. पेशंट वर येईनात. आजारी माणूस असला चढ कशाला चढेल? बोलावणी दुसऱ्या डॉक्टरांकडं गेली. मोटार एका ड्रायव्हरकडून त्या गावाहून आणवली होती, ती दारात उभी होती. डाव्या बाजूचा पत्रा पार आत गेलेला. ते तिच्याकडं पाठ करून बसायचे.

मुलीचा बाप बाजाराच्या दिवशी यायचा. कधी थोडी तूर, कधी वांगी. पिशवी ओट्यावर ठेवायचा आणि पायरीवर बसायचा. मी आत जाऊन सांगायची, "ते आलेत."

"असू दे," यजमान म्हणायचे.

मी चहा द्यायची. तो प्यायचा, कप पालथा ठेवायचा आणि निघून जायचा. मुलीचं विचारलं की म्हणायचा, "बरी हाय. सासरी गेली." एवढंच. पावसाळा गेला, पुन्हा वेचणी आली, तरी त्याचं येणं चुकलं नाही. मला त्याची कीव यायची आणि कधी कधी त्याला बघितलं की दार लावून घ्यावंसं वाटायचं. दोन्ही खरं आहे.

एकदा यजमानांना ताप होता. मी कपाळावर पट्टी ठेवत होते. ते एकाएकी म्हणाले, "चाकं वळवली नसती तर गाडी सरळ खाली गेली असती. मी बाजूला राहिलो असतो. चांगला धडधाकट. तुम्ही दोघी तिच्यात होता."

मी पट्टी पिळून पुन्हा ठेवली. मी जिवंत होते ती त्या वळवलेल्या चाकांमुळं, आणि त्यांचा पाय गेला तोही त्या चाकांमुळंच. हा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी त्यांनीच सांगितलं, "त्याला आत बोलाव."

तो आत आला, दाराशीच उभा राहिला. डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"दगड का काढला?" यजमानांनी विचारलं.

"साहेब..." तो म्हणाला. "इंजन सुरू झाल्तं. पोर वरडत होती. म्या म्हटलं, आपुन दगड काढून ठिवला म्हंजी तुम्हाला उतरावं लागायचं न्हाई. जल्दी होईल."

खाली कोणीतरी लोहारकामाचे घाव घालत होतं, त्याचा आवाज येत होता.

"बराबर आहे," शेवटी यजमान म्हणाले. "मीही तेच केलं असतं."

तो माणूस हात जोडून उभा राहिला, मग गेला. त्याला हेच ऐकायचं होतं की याहून वेगळं काही, मला कळलं नाही. तो पुन्हा कधी आला नाही. पुढल्या बाजाराला मी चहाचं आधण ठेवून वाट बघितली होती.

यजमान त्या बोलण्यानं मोकळे झाले असतील, असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. उलट ते जास्तच गप्प झाले. चिडायला जे एक माणूस होतं तेही संपलं. गाडी आम्ही विकली. भंगाराच्या भावानं का होईना, ती बोळातून गेली. मस्तगडचं घर सोडून गावातच, कादराबादेत सपाटीवर दोन खोल्या घेतल्या. खाली दवाखान्याची पाटी लावली. पण तोवर लोकांना त्यांच्याशिवाय चालवायची सवय झाली होती. सर्दी-पडशाचे, खरचटल्याचे असे चारदोन पेशंट यायचे. दुपारी ते टेबलाशी बसूनच झोपायचे.

मग मी सुईणीचं शिक्षण घेतलं आणि नोकरी धरली. त्यांनी अडवलं नाही, उत्तेजनही दिलं नाही. मी सरकारी मोटारीनं खेड्यांत जाऊ लागले. परत आले की सुरुवातीला ते विचारायचे, मूल कसं होतं, नाळ कशी होती, रक्त किती गेलं. कधी चुकलेलं सांगायचे. हळूहळू विचारणं थांबलं. मी मात्र हातपाय धुऊन त्यांच्यासमोर बसायची आणि आज कुठं गेले, काय झालं, सगळं सांगायची. ते खिडकीकडं बघत असायचे. ऐकत होते की नाही, मला शेवटपर्यंत ठाऊक नाही.