दादाच्या मोबाइलवरची तीन पानं

रोह्याच्या आमच्या कंपनीत पूर्वी गेटाशी एक फळा होता. सुट्टी, भरती, कुणाचं निधन, सगळं त्याच्यावर लागायचं आणि कायम असो की कंत्राटी, येता-जाता सगळे वाचायचे. माझा दादा कंत्राटी. शिफ्ट सुटली की तो मोठ्याने वाचायचा आणि वाचता न येणारे भोवती उभे राहून ऐकायचे. मग मोबाइलवर अ‍ॅप आलं आणि फळा काढला. अ‍ॅपमध्ये कुणाला कुठली पानं दिसावीत ते लावायचं काम ऑफिसात माझ्याकडे आलं, कारण कॉम्प्युटर शिकलेली मीच. त्या क्लाससाठी पेणला जायचे तेव्हा रोज कासू स्टेशनपर्यंत सायकलवर सोडायला दादाच यायचा.

काम सोपं होतं. टिक केली की पान दिसतं, काढली की गायब. साहेबांनी यादी दिली: कंत्राटींना सुरक्षा, हजेरी, कँटीन. बाकी सगळं कायमवाल्यांना, अगदी वाढदिवससुद्धा! जशी काही कंत्राटी माणसं जन्मालाच येत नाहीत. कायम नोकरीच्या भरतीचं पानही त्यांना नाही. कंत्राटींनाही अर्ज करता येईल, असं त्याच पानावर लिहिलेलं होतं. मी तसं म्हटलं, तर साहेब म्हणाले, "उगाच गर्दी नको. आणि हे बाहेर बोलायचं नाही."

मी टिक काढली. भरतीला वयाची अट होती आणि दादाचं ते शेवटचं वर्ष होतं.

टिक काढल्यावर कंत्राटी माणसाच्या मोबाइलवर खात्री करावी लागते. परक्याकडे मागायला तोंड नव्हतं, म्हणून जेवताना दादालाच विचारलं, "दादा, अ‍ॅपात किती पानं दिसतात रे?"

"तीन. किती दिसाया पायजेत?"

"तीनच."

"मंग बरोबर हाय तुझं," तो खूश होऊन म्हणाला आणि आईकडे वळला. "बघ, आपली बाय कंपनी चालवते."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातल्या तपासणीच्या तक्त्यात 'तपासले, बरोबर' असं लिहिलं. दादाला आज सांगू, उद्या सांगू करत अर्जाची मुदत संपली. नोकरी जाईल म्हणून मी घाबरले. त्याला दुसरं काही नाव देण्यात अर्थ नाही.

पुढच्या आठवड्यात दादाने एका कायम कामगाराच्या मोबाइलवर भरतीचं ते पान पाहिलं. घरी आला, हातपाय धुतले आणि माझ्यासमोर बसला.

"ते पान तूच झाकलंस?"

"व्हय."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने ताट ओढून घेतलं आणि जेवला.

अजूनही अ‍ॅपमध्ये काही बदल झाला की मला कंत्राटी माणसाचा मोबाइल लागतो. दादाला ते कळतं. मी मागायच्या आधीच तो मोबाइल माझ्यापुढे ठेवतो आणि म्हणतो, "बघ गो, तीनच हायत."