दोन्ही प्रती एकसारख्या असल्याबद्दल

सोमवार, दोन जून. जागा: वसतिगृहाचं घोडेगावचं कार्यालय. हजर: संस्थेचे सचिव, जुन्नर कार्यालयातला ऑपरेटर आणि मी. गैरहजर: अध्यक्ष, भाचीच्या लग्नामुळे. आई जुन्नरला घरात, बाहेरून कुलूप.

शेवटचं वाक्य इतिवृत्तात गेलं नाही. ते मी माझ्यापुरतं लिहिलं.

आईला गेल्या वर्षापासून दिवसांचा आणि वाटांचा घोळ होतो. एकदा ती जुन्नरच्या स्टँडवर ओझरच्या गाडीत बसलेली सापडली. हातात नारळ, पायात काही नाही. कंडक्टर ओळखीचा म्हणून गाडी सुटायच्या आत फोन आला. तेव्हापासून मी घोडेगावला निघताना दाराला कुलूप लावते. दुसरी किल्ली शेजारच्या काकूंकडे. त्या दुपारी उघडतात, ताट वाढतात, थोडा वेळ बसतात आणि परत कुलूप घालतात.

"मी काय शेळी हाय का गं, दावणीला बांधून जातीस?" आई आतून विचारते.

"शेळी संध्याकाळी आपली आपण घरी येते," मी बाहेरून म्हणते आणि कुलूप ओढून बघते.

जुलैपासून काकू मुलीकडे राहायला जाणार होत्या. म्हणजे जून संपायच्या आत माझी बदली जुन्नरच्या कार्यालयात व्हायला हवी होती. ते कार्यालय आमच्या गल्लीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दुपारी घरी जाता आलं असतं, मधेच डोकावता आलं असतं. कुलपाची गरजच राहिली नसती. त्या बैठकीला मी एवढ्यासाठीच डबा न खाता बसले होते.

आमची संस्था डोंगरातल्या गावांच्या मुलांसाठी वसतिगृह चालवते. प्रत्येक मुलाची एक पानाची फाइल. नाव, गाव, आईवडील, जन्मतारीख, आधीची शाळा, आणि तळाला एक ओळ 'शेरा' म्हणून. जुन्या रजिस्टरांवरून हे सगळं आमच्या आधीच्या गृहपालांनी संगणकात घातलं. पुढे जुन्नरला दुसरं कार्यालय झालं, तेव्हा अख्खं फोल्डर तिकडच्या संगणकावर उतरवलं. तेव्हापासून दोन्हीकडे काम चालू. इकडची नवी माहिती तिकडे जायची ती पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह पाकिटात, पाकिटावर नाव, पाकीट कंडक्टरच्या हातात. जुन्नरच्या स्टँडवर ऑपरेटर उभा असायचा. एखादवेळी त्याला उशीर झाला की पाकीट गाडीबरोबर पुढे फिरून दुसऱ्या दिवशी परत यायचं. त्या दिवशीचं काम मग कोणत्या संगणकावर आहे, हे ज्याचं त्याला ठाऊक.

आता घोडेगावची भाड्याची खोली सोडायची, सगळं जुन्नरला एकत्र करायचं, आणि घोडेगावचा संगणक पुसून मुलांच्या अभ्यासिकेला द्यायचा, असं ठरलं होतं. जुन्नरला टेबल एकच. ते मला मिळणार होतं, एका अटीवर.

सचिव जुन्नरकडचे बागायतदार. शिकलेले आहेत, पण बोलणं शेतातलंच. "बाई, दोन्हीकडं सारखंच हाय ना?"

"असायला पाहिजे, भाऊ."

"असायला पाहिजे न्हाई. हाय म्हणून लिहून द्या. अध्यक्षांना कागुद लागतो. कागुद दिला की तुमी सुटलात. जुन्नरला आईपाशी जावा आन आमाला पेढे द्या."

त्यांनी तिथल्या तिथे मजकूर सांगितला: दोन्ही प्रती एकसारख्या असल्याबद्दल प्रमाणपत्र. खाली माझी सही. मी म्हटलं, तपासते आणि करते. यात फार तर एक आठवडा जाईल अशी माझी समजूत होती.

हजारभर फाइली डोळ्यांनी कशा जुळवणार? दोन फोल्डर समोरासमोर ठेवून फरक दाखवणारी सॉफ्टवेअर असतात, हे मला माहीत होतं. कोणतं घ्यायचं ते माहीत नव्हतं. म्हणून आधी कागदावर मागण्या लिहिल्या. फोल्डरच्या आतलं फोल्डर बघता आलं पाहिजे. फाइलींची मराठी नावं नीट दिसली पाहिजेत. तारीख आणि आकार न बघता आतला मजकूर वाचून फरक सांगितला पाहिजे. आणि आपण सांगितल्याशिवाय त्याने काहीही पुसायचं नाही.

खऱ्या फाइलींवर प्रयोग करण्याचा धोका मी घेतला नाही. दोन खोटी फोल्डर केली आणि दोन्हींत फळांच्या नावाच्या छोट्या फाइली घातल्या. आंबा दोन्हीकडे सारखा. चिकूत एका बाजूला एक आकडा बदललेला. फणस एकाच बाजूला. जांभूळ दोन्हीकडे सारखं, पण एकीकडे नंतर पुन्हा सेव्ह केलेलं, त्यामुळे तारीख वेगळी. कुणाला सॉफ्टवेअर निवडायचं असेल तर माझं सांगणं एवढंच, की उत्तर आपल्याला आधीच माहीत असलेली परीक्षा घ्यावी.

पहिल्याने नावांच्या जागी नुसते चौकोन दाखवले. आंबा कुठला आणि फणस कुठला, कळेना. ते काढून टाकलं.

दुसरं दिसायला देखणं होतं. पण तारखेवर ठेवलं तर जांभूळ वेगळं म्हणायचं आणि आकारावर ठेवलं तर चिकू सारखा म्हणायचं. शिवाय मधोमध एक मोठं हिरवं बटण. ऑपरेटर जुन्नरची प्रत डिस्कवर घेऊन आला होता, तो माझ्या खुर्चीमागे उभा राहून बघत होता.

"मॅडम, ते हिरवं दाबा की. दोन्ही सारखं करून टाकंल."

"कोणासारखं?"

"सारखं म्हंजी... सारखं."

"तुमच्यातलं माझ्यासारखं की माझ्यातलं तुमच्यासारखं?"

"ते त्याला इचारावं लागंल," तो म्हणाला. मी माउस त्याच्या हाताला लागणार नाही असा ठेवला.

तिसरं अगदी साधं होतं. डाव्या बाजूला एक फोल्डर, उजव्या बाजूला दुसरं. सारखं ते करडं, वेगळं ते लाल, एकाच बाजूला असेल ते निळं. फाइल उघडून मजकूर वाचायचं आणि ओळीला ओळ लावून दाखवायचं. आंबा करडा, चिकू लाल, फणस निळा, जांभूळ करडं. चारही बरोबर. फुकट होतं, आणि पुसण्याआधी दोनदा विचारत होतं. मी तेच ठेवलं आणि त्याच दिवशी खरी फोल्डर लावली, डावीकडे घोडेगाव, उजवीकडे जुन्नर.

सगळं लाल.

मी खाली सरकवत राहिले. एकही करडी ओळ नाही. सॉफ्टवेअर बिघडलं म्हणावं तर आत्ताच ते परीक्षा पास झालं होतं. एक फाइल उघडली. बाकी सगळं जुळत होतं, फक्त उजवीकडे सगळ्यात वर एक जादा ओळ होती. दुसरी फाइल उघडली, तिथेही तीच ओळ, आणि तिसरीतही.

॥ श्री ॥

मी मागे वळून ऑपरेटरकडे बघितलं. माणूस चाळिशीचा, संसारी. आमच्याकडे येण्याआधी तो जुन्नरच्या बाजारात एका अडत्याच्या वह्या लिहायचा.

"हे तुम्ही केलंत?"

"व्हय." त्याचा चेहरा फुलला. "लक्ष्मीपूजनाला मशीनची पूजा केली, झेंडू वाहिला. मग म्हनलं, वरनं पूजा केली, आतली पानं बिनश्रीची कशी ठेवायची? श्री लिवल्याबिगर वही चालू करत्यात का कुठं?"

"सगळ्या फाइलींना?"

"सगळ्या. दिवाळीच्या सुट्टीत केलं. लई दिवस लागलं. कुनाला बोललो पन न्हाई."

शाबासकीची वाट बघत तो उभा होता. मी सचिवांना फोन लावला. ते इतके हसले की फोन कानापासून लांब धरावा लागला. "चांगलंच केलं की राव त्यानं! देवाचं नाव हाय बाई, त्यात फरक कसला? करा सही."

या सॉफ्टवेअरमध्ये अमुक ओळ मोजू नकोस असं सांगायची सोय होती. ती शोधायला वेळ लागला, पण सापडली. श्री सोडून बाकीचं बघ, असं सांगितलं आणि पुन्हा लावलं. वरपासून खालपर्यंत लाल ओळी करड्या होत गेल्या. मी काकूंना फोन करून सांगितलं की काम होत आलं. मागून आईचा आवाज आला, "कोन हाय? तिला म्हनावं किल्ली घिऊन ये."

तळाशी मात्र बऱ्याच फाइली लालच राहिल्या. गावांप्रमाणे फोल्डर होती आणि प्रत्येक गावात थोड्या थोड्या. मी एक उघडली. यावेळी वर काही नव्हतं, फरक अगदी खाली होता. डावीकडे 'शेरा' होता, उजवीकडे ती ओळच नव्हती.

ऑपरेटर अजून तिथेच होता. मी बोट ठेवलं.

"ही ओळ कुठे गेली?"

त्याने वाकून बघितलं. "आस्सं. श्री घातल्यावर पान खाली सरकायचं, मॅडम. काहींची एक ओळ दुसऱ्या पानावर जायची. प्रिंट काढली की एका ओळीपायी अख्खा कागुद वाया. मग काढली."

"कोणती काढली?"

"जी खाली जायची ती."

ज्यांच्या फाइलींत लिहायला जास्त काही होतं, त्यांचीच पानं भरली होती आणि त्यांचेच शेरे गेले होते. मी डावीकडचे वाचत बसले. गृहपालांची भाषा आखडती. 'जन्मतारीख अंदाजे. आईने सांगितले, भाताच्या आवणीत झाला.' 'वडिलांचे नाव शाळेत चुकीचे लागले आहे, दाखला देताना वरचे धरावे.' 'मामाने आणले, घरी परत पाठवताना मामालाच बोलवावे, दुसऱ्या कुणाकडे देऊ नये.' ही मुलं आता मोठी झाली आहेत. दाखल्यासाठी अजून येतात, सकाळची गाडी पकडून डोंगरातून उतरतात. पुसायचा होता तो घोडेगावचा संगणक, आणि शेरे होते ते तिथेच.

तिकडची प्रत टाकून इकडची ठेवावी म्हटलं, तर तेही जमत नव्हतं. त्याच फाइलींत जुन्नरला नवे पत्ते, नवे फोन, बदललेल्या शाळा भरल्या होत्या. एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर आंधळेपणाने काही ओढलं की काहीतरी जाणारच. प्रत्येक लाल फाइल उघडायची, दोन्ही बाजू वाचायच्या, ओळ उचलून ठेवायची. ते काम बसून करायचं होतं आणि संगणक पुसला जाण्याआधी, घोडेगावलाच करायचं होतं.

मी मधला मार्ग काढला. घोडेगावचं अख्खं फोल्डर एका डिस्कवर उतरवून घेतलं. प्रमाणपत्र लिहिलं आणि त्याखाली एक वाक्य जोडलं: काही फाइलींमध्ये फरक आहे, जुनी प्रत डिस्कवर आहे, जुळवणीचं काम जुन्नरला पूर्ण करीन. सही केली. माझ्या मते हे खरंही होतं आणि सोयीचंही.

आठवडा संपता संपता कागद परत आला. सचिव स्वतः घेऊन आले, हातात टोपी, चेहरा अवघडलेला.

"बाई, अध्यक्ष म्हनत्यात खालचं वाक्य काढा. वाक्य ठेवलं तर बैठकीत पुन्हा इषय निघनार."

"वाक्य काढलं तर ते खोटं होईल, भाऊ."

"एका ओळीनं काय व्हतंय?"

त्याची डिस्क परत न्यायला आलेला ऑपरेटर कपाटाशी काहीतरी शोधायला लागला.

"तुमाला आईसाठी जायचंय," सचिव हळू म्हणाले. "मला दिसतंय ना. माझी बी आई व्हती. करा सही, मोकळ्या व्हा. फाइली काय, मागनं करू."

"मागून कोण करणार?"

"बघू कुनीतरी."

ते कुणीतरी मी आयुष्यभर बघत आले आहे. आणि त्या प्रमाणपत्रावर सही झाली की दुसऱ्या दिवशी ती डिस्क कुठल्यातरी खणात जाणार, कारण सारख्या असलेल्या दोन प्रतींपैकी दुसरी कुणी उघडत नाही. पेन माझ्या हातात होतं. आई घरात कोंडलेली होती. आवणीत जन्मलेला कुणीतरी माणूस पुढच्या पावसाळ्यात जुन्नरच्या टेबलासमोर उभा राहणार होता आणि तिथे बसलेली मी त्याला सांगणार होते, की फाइलीत काही नाही.

मी पेनाला टोपण लावलं. "सगळ्या जुळल्या की करते."

"खोली एक महिना वाढवून घेतो," सचिव म्हणाले. "जुन्नरच्या टेबलासाठी दुसऱ्या एका बाईंचा अर्ज आलाय. तोवर धरून ठेवतो. त्याच्या फुडचं माझ्या हातात न्हाई."

काकू मुलीकडे गेल्या. दुसरी किल्ली आता गल्लीच्या तोंडाशी असलेल्या शिलाईवाल्या बाईंकडे आहे. त्यांना दुपारी फार वेळ बसता येत नाही. ऑपरेटर आठवड्यातून एक दिवस स्वतःहून घोडेगावला येतो आणि मी वाचून दाखवते तो शेरा परत टाइप करतो. पान सरकलं की आता अक्षराचा आकार कमी करतो. श्री काढायला मात्र तयार नाही, आणि मीही आग्रह धरत नाही.

डिंभे झालं. राजपूर झालं. तळेघर काल संपलं. आहुपे अजून उघडलेलं नाही. सगळ्यात जास्त लाल तिथेच आहे.